काटा मालकाचा, बोट माझं. मग पाप कोणाचं?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तिशीतल्या एका भावाचं पत्र आलं आहे. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मेथॉडिस्ट मंडळीतलं. दोन एकर कोरडवाहू शेतीत भागत नाही, म्हणून दिवाळीनंतर ते खेडा खरेदी (गावातच येऊन कापूस विकत घेणं) करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बसतात. काट्यात खोट आहे. मालकाने दाखवून दिलेलं बटण दाबलं की क्विंटलमागे दोन किलो कापूस कमी दिसतो. "पहिल्या वर्षी हात थरथरे. आता थरथरत नाही, त्याचंच भेव वाटते," असं ते लिहितात. मालकाकडून चाळीस हजारांची उचल घेतलेली आहे, ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. एकदा बोलून पाहिलं, तर उत्तर मिळालं, "मंग तुले पगार कायचा देतो?" धाकटी मुलगी आठ महिन्यांची, जन्मापासून तिचा एक पाय आत वळलेला. आई म्हणते, "तुह्या काट्याचं पाप पोरीच्या पायाले लागलं." उज्जीवन सभेला (विश्वास जागा करायला भरवलेल्या सभेला) बाहेरून आलेल्या सुवार्तिकांनी, म्हणजे उपदेशकांनी, सांगितलं की माणूस पापातच जन्मतो, त्याच्या हातून पापच होणार. बायकोचा भाऊ मोबाइलवर प्रवचनं ऐकतो. त्याच्या मते कोण तरणार नि कोण नाही हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवून ठेवलं आहे. पत्र लिहिणाऱ्या भावाचा प्रश्न असा: मी जन्मतः पापी, देवाने आधीच सगळं ठरवलेलं, वरून मालक करायला लावतो, मग माझी इच्छा उरते कुठे? हे पाप माझं कसं? आणि माझं नसेल तर मला झोप का येत नाही? प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या) रविवारी ते आता मागच्या बाकावरून उठून जातात.

प्रिय भाऊ, सलाम.

शास्त्राचं नंतर बोलू. आधी मुलीचा पाय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा क्लबफूट असावा असं वाटतं. नक्की काय ते डॉक्टर सांगतील. हा दोष जन्मजात असतो आणि तो बापाचा व्यवसाय पाहून येत नाही. त्यावर पोन्सेटी पद्धतीचे उपचार आहेत: दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय थोडा थोडा सरळ करतात, बहुतेक मुलांना टाचेमागे एक छोटा छेद द्यावा लागतो, आणि मग खास बूट घालावे लागतात, आधी काही महिने जवळपास दिवसरात्र आणि नंतर काही वर्षं झोपताना. बूट मध्येच सोडले तर पाय पुन्हा वळू शकतो, तेवढं सांभाळायचं. जितकं लवकर तितकं बरं, पण आठ महिने म्हणजे वेळ गेली असं मुळीच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार सरकारी दवाखान्यातून मोफत होतात. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा, त्या पुढची वाट दाखवतील. या आठवड्यात विचारा.

आता आईचं म्हणणं. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारतात: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोघांचंही नाव घेत नाही. उलट तो त्या माणसाला बरं करायच्या कामाला लागतो. तुमची आई निर्गम या पुस्तकातली दहा आज्ञांमधली ओळ काढेल, वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. काढू द्या. तिला त्याच्या पुढचीही ओळ वाचायला सांगा, हजारांवर दया करण्याची. आणि मग यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय. बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणू लागले होते की आंबट द्राक्षं बापाने खाल्ली आणि दात पोरांचे आंबले. देव त्यांना म्हणतो, ही म्हण यापुढे तुमच्या तोंडी नको; बापाच्या अन्यायाचा भार लेकावर नाही.

एक मात्र लक्षात घ्या. आईला पायापेक्षा काटा जास्त खुपत असावा. मुलगा कमावता, घर त्याच्यावर चाललेलं. त्याला थेट कसं बोलायचं? म्हणून ती नातीच्या पायाआडून बोलली. तिचं कारण चुकलं, पण काट्याबद्दल ती खोटं बोललेली नाही.

तुम्ही तीन नावं पुढे केली आहेत: आदाम (ज्याच्यापासून हे जन्माचं पाप आलं तो पहिला माणूस), देव आणि मालक. एकेकाला पाहू.

तुमच्या भागातल्या जुन्या मंडळ्यांपैकी, म्हणजे चर्चपैकी, बऱ्याच फ्री मेथॉडिस्ट मिशनच्या. वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन मिशनच्या, अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशनच्या, शिवाय कॅथोलिक, शिवाय १९७० साली नागपुरातच स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. माणसाच्या इच्छेबद्दल या सगळ्यांचं म्हणणं एकसारखं नाही, आणि आता त्यात मोबाइलवरचे उपदेशक आले. एकाच घरात सासरा एक ऐकतो, जावई दुसरंच. यवतमाळला हा वाद नवा नाही म्हणा. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तिथेच होती. तिच्या होस्टेलमध्ये देशभरातून आलेल्या पोरांनी यावर कैक रात्री जागवल्या असणार.

सुवार्तिक जे बोलले त्याच्या मागे ऑगस्टीन उभा आहे, उत्तर आफ्रिकेतला बिशप, मृत्यू इ. स. ४३०. त्याच्या काळात पेलाजियस नावाचा एक तपस्वी शिकवत होता की आदामाचं पाप आदामापाशी. प्रत्येकाने मनावर घेतलं तर देवाच्या आज्ञा स्वबळावर पाळता येतात. ऐकायला हे फार छान वाटतं. पण दारू सोडायची शपथ तिसऱ्यांदा मोडलेल्या माणसाला जरा विचारा. ऑगस्टीनचं म्हणणं, इच्छा आहे पण ती वाकलेली आहे, आणि आपली आपण ती सरळ करू शकत नाही. त्याला कृपा लागते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. तेव्हा सुवार्तिक खोटं बोलले नाहीत. त्यांनी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सभेची वेळ संपल्याने राहिलं असेल. माणूस कुठे अडकलाय ते मूळ पापाची शिकवण सांगते. तिथेच बसून राहायची परवानगी ती देत नाही.

तुमच्या साळ्याचं मत सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या वळणाचं आहे. ते मूर्खपणाचं मुळीच नाही. मोठमोठ्या माणसांनी त्यावर आयुष्य उभं केलं आहे. पण त्या परंपरेची १६४६ सालची वेस्टमिन्स्टरची श्रद्धाघोषणा त्याने उघडून पाहावी. घडणारं सगळं देवाने ठरवलेलं आहे असं म्हणताना तिथेच ती बजावते की म्हणून देव पापाचा कर्ता ठरत नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, यावर शतकं गेली. पण 'देवाने ठरवलं, म्हणून मी काटा मारला' असं म्हणायला त्या शिकवणीतही जागा नाही. याकोबाचं पत्र तर सरळच सांगतं: मोहात पडलेल्या कोणी असं म्हणू नये की मला देवाने मोहात घातलं.

आणि देवाला आधीपासून ठाऊक असतं, त्याचं काय? मृग लागायच्या आधी एखादा जुना शेतकरी वारं पाहून पाऊस सांगतो. त्याच्या सांगण्याने पाऊस पडत नाही. उपमा लंगडी आहे हे मला कळतं, कारण शेतकऱ्याचा अंदाज चुकतो आणि देवाचं ज्ञान चुकत नाही. तरी जाणणं आणि घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तिच्यातून निघतं.

आता तुमच्याच मंडळीचा वारसा. मेथॉडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली, अठराव्या शतकातला इंग्रज. माणूस पापात जन्मतो हे त्यालाही मान्य होतं, अगदी ऑगस्टीनइतकंच. पण तो पुढे म्हणतो की देवाच्या कृपेचा स्पर्शच झालेला नाही असा माणूस या जगात सापडायचा नाही. माणसाने देवाकडे तोंड वळवण्याच्या आधीच कृपा येऊन थांबलेली असते. जिला आपण सदसद्विवेक म्हणतो, ती टोचणीसुद्धा माणसाच्या स्वभावातून आलेली नाही, ती देवाने दिलेली आहे. वाकलेल्या इच्छेला त्या कृपेने थोडी जागा मिळते. थोडीच. पण तेवढ्या जागेत हो किंवा नाही म्हणता येतं.

म्हणजे भाऊ, झोप का येत नाही या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मंडळीच्या परंपरेत अडीचशे वर्षांपासून आहे. तुमची इच्छा मेलेली असती तर तुम्ही गाढ झोपला असता.

(झोप फारच उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार डोकावत असतील, तर ते पापपुण्याच्या हिशोबात घालू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. घरात कोणाला तरी सांगा आणि फोन लावा.)

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: इच्छा एक तर पूर्ण मोकळी असली पाहिजे, नाहीतर ती नाहीच. शास्त्रातली माणसं अशी नाहीत. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्याकडून होत नाही आणि नको ते वाईट मात्र होतं. हे तो रडून सांगतो, पण 'म्हणून माझा दोष नाही' असा शेवट करत नाही. उत्पत्तीत देव आदामाला मना केलेल्या फळाबद्दल विचारतो तेव्हा आदाम बायकोचं नाव सांगतो; बायको सर्पाचं. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. तिने दिलंच होतं, त्याने फसवलंच होतं. तुमचंही तसंच, उचल खरी आहे, मालकाचा धाक खरा आहे. या सगळ्याने तुमची मोकळीक कमी झाली, हेही खरं. कॅथोलिक शिकवणीत तर हे स्पष्टच मांडलेलं आहे की भीती, दडपण, सवय यांनी कृत्याचा दोष कमी होऊ शकतो, आणि प्राणघातक पाप म्हणायला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती ही तिन्ही लागतात. पण कमी होणं म्हणजे शून्य होणं नव्हे. चाळीस हजारांनी तुम्हाला काट्यावर बसवलं. बटणावर बोट तुमचंच होतं.

त्या बोटाबद्दल अजून थोडं, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते 'आता थरथरत नाही' या वाक्याने. फारोची गोष्ट आठवा. मिसरच्या या राजाने इस्राएल लोकांना सोडावं म्हणून देवाने एकामागून एक पीडा पाठवल्या. देवाने फारोचं मन कठीण केलं असं निर्गमात आहे, आणि साळा नेमका तेच दाखवील. पण क्रमाने वाचा. बेडकांची पीडा टळली तेव्हा फारोने स्वतःच मन कठीण केलं, गोमाश्या गेल्या तेव्हा पुन्हा त्यानेच. तसं करीन असं देव आधी बोलला होता, पण देवाने त्याचं मन कठीण केलं असं येतं ते पुढे, गळवांच्या पीडेच्या वेळी. मला त्यातून दिसतं ते हे की प्रत्येक नकारासोबत त्याची नकार न देण्याची ताकद कमी होत गेली. मोकळी इच्छा ही एकदा मिळाली की कायमची राहते असं नाही. ती वापरात नसली की आखडते. म्हणून 'पुढच्या हंगामात बघू' हा पर्याय मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, उद्याच नोकरी सोडण्यापेक्षाही.

मग मालकाच्या पापात नोकराचा वाटा किती? हा प्रश्न जुना आहे. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. या गोष्टीचा आधार पुष्कळ लोक घेतात, तुम्हीही घ्याल. पण नामानाच्या वाकण्याने कोणाचं पोट मारलं जात नव्हतं. तुमच्या बटणाने जातं. क्विंटलला सात हजार धरले तर दोन किलो म्हणजे १४० रुपये. वेचणीचे किलोला दहा रुपये पडत असतील तर चौदा किलो कापूस वेचणाऱ्या बाईची ती मजुरी आहे. नीतिसूत्रांत खोटा काटा परमेश्वराला किळसवाणा म्हटलाय तो उगाच नाही.

दुसरीकडे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा असं सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलूम करू नका, पगारात भागवा, एवढंच सांगितलं. तुमच्यासाठी माझं म्हणणंही त्याच दिशेचं आहे. प्रश्न आधी बटणाचा आहे, नोकरीचा त्यानंतर.

मालकाशी पुन्हा बोला, पण लोकांसमोर नको आणि रागाने नको. "मी काट्यावर बसणार नाही, भराई, हमाली, गाडीवर जाणं, जे असेल ते करतो" एवढंच म्हणा. हिशोबाच्या वहीचं काम मागून घेऊ नका, त्यात तेच खोटं वजन उतरवावं लागेल. तो ऐकेल अशी खात्री मी देत नाही. ऐकलं नाही तर काम सोडावंच लागेल, आणि तिथे उचल आडवी येते.

म्हणून पुढचं तुमच्या मंडळीसाठी लिहिते, पाळकांना हे वाचायला द्या. ज्या मंडळीने सभेचा मांडव घालून एका माणसाला तू पापी आहेस असं सांगितलं, तिला त्याला पापातून उठायला मदत करायचीही जबाबदारी आहे. चाळीस हजार एका घराला डोंगर आहेत. वीस घरांनी दोन-दोन हजार बिनव्याजी उसने दिले, त्याची चिठ्ठी केली, तर तो माणूस या हंगामात मोकळा होतो आणि वर्ष-दोन वर्षांत फेड करतो. बायको बचत गटात असेल तर तिथलं कर्जही व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा बरं. तिथे कोणी बटण दाबायला सांगत नाही. उचल फेडली की साक्षीदारासमोर लिहून घ्या.

घेतलेलं परत करायचं का? हो. लेवीय या पुस्तकात फसवून घेतलेल्या मालाबद्दल नियम आहे: मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा माल त्याला द्यायचा, आणि मग अर्पण घेऊन यायचं. आधी माणसाचं देणं, नंतर देवाचं. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने तर चौपटीची बोली केली. तुम्हाला तेवढं शक्य नाही आणि बहुतेक पैसा मालकाच्या खिशात गेला आहे, त्याचा जाब त्यालाच आहे. तुम्हाला वरकड जे मिळालं असेल, त्याचा अंदाज काढा आणि आठवणाऱ्या नावांतली सगळ्यात लहान घरं निवडा, विधवेचं, ठेक्याने शेती करणाऱ्याचं. पैशाने, नाहीतर फवारणीचे-डवरणीचे दिवस देऊन. कारण सांगायची छाती झाली तर सांगा. नाही झाली तर आधी देऊन टाका, छाती मागून येईल.

तक्रारीचं विचारलं नाहीत, पण सांगते. वैध मापनशास्त्र विभाग काट्यांची तपासणी करतो. एकट्याने तक्रार करून अंगावर घेऊ नका. कामातून मोकळं झाल्यावर दोन-चार शेतकऱ्यांना सोबत घेऊन करा. तोवर जो विचारेल त्याला एवढं नक्की सांगता येतं की घरून मोजून आण, किंवा दुसऱ्या काट्यावर एक गाठोडं तोलून बघ. कृषी केंद्रात, रेशन दुकानात, वसुलीच्या गाडीवर काम करणाऱ्या कित्येकांची गत तुमच्यासारखीच असते. त्यांनाही माझं हेच सांगणं: आपल्या हाताखालची एक गोष्ट आधी शोधा, जी मालकाला न विचारता थांबवता येते.

कबुली पाळकांपाशी द्या, किंवा तोंड आवरता येणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यापाशी. पुढच्या उज्जीवन सभेत माइकवर नको. गावात ते पाप राहत नाही, बातमी होते, आणि बायको-पोरींना ती वर्षानुवर्षं ऐकावी लागते.

आणि प्रभुभोजन. पौल करिंथकरांना सांगतो की माणसाने स्वतःची पारख करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. पारख करून उठून जावं, असं तो म्हणत नाही. मालकाशी बोलायचं तुमचं एकदा ठरलं की येत्या प्रभुभोजनाला पुढे जा. हात थरथरला तर थरथरू द्या.

साळ्याचं राहिलं. त्याच्याशी वाद घालू नका, तुम्ही हरालच, तो रोज ऐकतो. त्याचा कापूस विकून झाला असेल तर उचल फेडायला पाच हजार मागून बघा. देवाने आधीच ठरवलं असेल तर तो नाही म्हणायचा नाही.